चार विसा आन् धा

लोखंडी टॉमीचा पहिला फटका निवृत्तीच्या खांद्यावर बसला तेव्हा त्याच्या बायकोच्या, कोंडाबाईच्या हातात पाण्याची बादली होती. दुसरा डोक्यावर बसला तेव्हाही ती हातातच होती. खाली ठेवायचं तिला सुचलं नाही, आणि ओतून द्यायचं तर त्या उन्हाळ्यात कुणालाच सुचलं नसतं.

शहाऐंशी साल. लातूरला जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नवा जिल्हा, नवी कचेरी, नव्या पाट्या, साहेबांना नव्या जीपा. पाणी तेवढं जुनंच होतं आणि तेही आटलं होतं. कोंडाबाईचं गाव नांदेड जिल्ह्याच्या अगदी काठावरचं, शिवार ओलांडलं की लातूर जिल्हा. सरहद्दीवरची एक विहीर टँकरसाठी ताब्यात घेतलेली होती. टँकर दिगांबरचा. तो गावात येई, वरच्या आळीत उभा राही आणि निवृत्तीच्या बुद्धनगरापर्यंत पोचायच्या आत रिकामा होई. नऊ दिवस असंच चाललं. दहाव्या दिवशी निवृत्तीनं आपल्या जुन्या मॅटॅडोरमध्ये चार ड्रम घातले, बायकोला आणि सतरा वर्षांच्या पोराला बरोबर घेतलं आणि तो सरळ विहिरीवर गेला.

दिगांबर आधी नीट बोलला. ही विहीर टँकरची आहे, म्हणाला. निवृत्तीही नीटच बोलला. टँकर गावाचा आहे आणि आम्हीबी गावातच राहतोत, म्हणाला. त्यात शिवी नव्हती, आवाज चढलेला नव्हता. पण काही माणसांना शिवी चालते, हिशेबशीर बोलणं चालत नाही. दिगांबरनं टँकरच्या सीटखालून चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली.

पोरगा, राजरत्न, मध्ये पडला तर टँकरच्या क्लीनरनं त्याची गचांडी धरून त्याला हौदाच्या कडेवर आपटलं. निवृत्ती आधी बसला, मग आडवा झाला. कानातून रक्त येऊन मानेखालच्या चिखलात मिसळायला लागलं. दिगांबरनं तिसऱ्यांदा टॉमी उचलली, आणि तेव्हा कुठं कोंडाबाईच्या हातांना अक्कल आली. तिनं बादली पाण्यासकट त्याच्या तोंडावर हाणली. कड नाकावर बसली आणि नाक फुटलं. बादलीभर पाणी माणसाच्या तोंडावर वाया गेलं, याची हळहळ तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली. नाकाची वाटली नाही.

दिगांबर नाक धरून खाली बसला आणि क्लीनर त्याच्याकडं धावला, तेवढ्या वेळात मायलेकरांनी निवृत्तीला उचलून गाडीत घातलं, दोन-दोन ड्रमांच्या मधल्या फटीत. चारांतला एकही ड्रम भरलेला नव्हता, सगळे अर्धेनिम्मे. टँकर नांदेडच्या रस्त्याला आडवा उभा होता. उघडा होता तो लातूरचा रस्ता, सत्तर किलोमीटर. वाटेत तालुक्याचं गाव लागायचं, पण तिथल्या नाक्यावर दिगांबरच्या भावाची पानटपरी होती आणि भाऊ कधी एकटा बसत नसे. म्हणजे थांबायचं ते लातूरच्या सरकारी दवाखान्यातच.

गाडी कोण हाकणार, हे कुणी कुणाला विचारलं नाही. राजरत्नला गाडी येत होती. म्हणजे तळ्यात येत होती.

गावचं तळं त्या वर्षी फेब्रुवारीतच कोरडं पडलं होतं आणि निवृत्तीनं त्याच्या भेगाळल्या पोटात पोराला गाडी शिकवली होती. तिथं चढ नव्हता, उतार नव्हता, समोरून कुणी येत नव्हतं. चुकलंच तर एखादी म्हैस मान वळवून बघायची. डांबरी रस्त्यावर मात्र अठरा पुरी होईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही, असं बापानं बजावून ठेवलेलं होतं. राजरत्नला अठरा पुरी व्हायला अजून चार महिने होते.

आणि गाडीही तशी होती. किनवटच्या एका आश्रमशाळेची ती गाडी. निवृत्ती तिच्यावर आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि शाळेला नवी गाडी आली तेव्हा ही लिलावात निघाली आणि त्यानं घेतली. म्हातारीशी लग्न लावल्यासारखं, असं कोंडाबाई म्हणायची. वेगाचा काटा कधीचाच मेलेला. ब्रेक दोनदा दाबला तर एकदा लागायचा. चाळीसच्या वर गेली की पुढची चाकं थरथरायची आणि पन्नासच्या वर गेली की स्टिअरिंग हातातून निसटायला बघायचं. चाळीसला मात्र गुमान चालायची, दिवसभर चालायची. चाळीस हा निवृत्तीचा धर्मच होता म्हणा.

पण काटा मेलेल्या गाडीत चाळीस ओळखायचे कसे? त्याची तोड कोंडाबाईच्या जात्यातून निघाली होती. एका पहाटे ती दळत होती आणि निवृत्ती उगाच हातातल्या घड्याळाकडं बघत बसला होता. बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की हिच्या जात्याचा फेरा सेकंदाच्या काट्याबरोबर पडतो. एक फेरा, एक सेकंद, मागं ना पुढं. तो खूश झाला, हिशेब करून म्हणाला, एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तुझे नव्वद फेरे झाले की समज आपण चाळीसनं चाललो. कोंडाबाईला नव्वद कळत नव्हते, तिला विसा कळत होत्या. चार विसा आन् धा. तेव्हापासून गाडीत ती डाव्या हाताला बसे, दगड तिच्या बाजूला येत, आणि ती मनात जातं फिरवी. वीस झाले की एक बोट मुडपायचं. चार बोटं मुडपून वर दहा झाले आणि दगड आला, की चांगलं. तीन बोटांतच आला तर ती नवऱ्याच्या मांडीवर चापट मारी. लोकांच्या बायका शेजारी बसून गप्पा मारतात, आपली बायको आपल्याला मोजते, असं निवृत्ती चारचौघांत सांगायचा, आणि सांगताना फुगायचा.

त्या दिवशी ती पुढं बसली नाही. मागं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, पदराचा बोळा जखमेवर दाबून, डाव्या खिडकीतून बाहेर बघत बसली. एक हात रक्तावर, एक हात बोटं मुडपायला.

पहिला दगड तीन विसांतच आला.

"हळू," ती म्हणाली.

"बा मरल, माय."

"तू मारशील त्याला. हळू."

त्यानं ऐकलं नाही. पुढची चाकं थरथरली, ड्रमांतलं पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आपटायला लागलं. भरली घागर डोक्यावर गप बसते, अर्धी घागर मान मोडते, हे तिला सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. इथं तर चार अर्धे ड्रम होते आणि मध्ये तिचा माणूस. तिनं हात लांबवून पोराच्या पाठीत गुद्दा घातला. जोरात घातला, कळवळावा असा. त्याचा पाय सैल झाला. पुढचा दगड चार विसा आणि पाचावर आला. त्याच्या पुढचा बरोबर दहावर.

एवढ्यात मागून टँकर आला.

आरसा विहिरीवरच फुटला होता आणि मागच्या दाराच्या काचेवर आश्रमशाळेच्या काळचा रंग होता. त्यामुळं टँकर दिसला नाही, नुसता ऐकू आला. हॉर्न एकसारखा, म्हैस अडकल्यासारखा. मग दाणकन धक्का बसला. मागचं दार आत वाकलं, एक ड्रम सरकून निवृत्तीच्या पायावर आला आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला. राजरत्न रडायला लागला. रडत रडत चाक धरून, माय, पळवू का, माय, पळवू का, असं विचारत राहिला.

माणूस पळतो तेव्हा जोरात पळतो, एवढं तर कुत्र्यालाही कळतं. मागून कुणी ठोकत असताना चाळीसनंच चालायचं, हे सांगायला बाई वेडी तरी हवी नाहीतर त्या गाडीत पाच वर्षं बसलेली तरी हवी.

"ठोकू दे," कोंडाबाई म्हणाली. "ठोकून आपण मरत न्हाई. पळून मरतोत. तू समोर बघ."

दुसरा धक्का बसला. तिसरा बसला आणि मागची काच फुटून तिच्या केसांत आली. ती मोजत राहिली. चार विसा आन् धा, दगड. चार विसा आन् आठ, दगड. आपला आवाज मोठा झालाय, हे तिच्या ध्यानात नव्हतं. राजरत्न त्या आवाजावर गाडी हाकत होता, जसा बैल माणसाच्या आवाजावर चालतो. तालुक्याचं गाव आलं आणि मागं गेलं. बाजाराच्या गर्दीत हॉर्न बुडाला.

गावाबाहेर पडल्यावरही तिच्या कानात तो वाजतच राहिला. खरं म्हणजे दिगांबर नाक्यावरच थांबला होता. भावाला फुटलेलं नाक दाखवून, चुना-तंबाखू मळून घेऊन तो परत फिरला होता, त्याला विहिरीवर फेरी भरायची होती. हे कोंडाबाईला फार पुढं कळलं. त्या वेळी मायलेकरं कुणीच मागं नसताना जीव मुठीत धरून पळत होती.

निवृत्तीचा श्वास घरघरायला लागला होता. बोळा भिजून जड झाला होता. एक दगड आला, त्याच्यावर पस्तीसचा आकडा होता. तिनं बोटं उघडली आणि पुन्हा जातं सुरू केलं.

एक वीस. दोन. तीन. चार विसा, आन् धा. दगड नाही.

पाच विसा. दगड नाही. आपल्या नजरेतून सुटला का, म्हणून तिनं मान बाहेर काढली. रस्त्याच्या कडेला नुसती उकरलेली माती होती. पाच विसा आन् धा. आपण हळू चाललोय. म्हातारी दमली. पोरानं भिऊन पाय वर घेतला. आणि मागं टँकर आहे, आणि मांडीवर हा घरघरतोय. सहा विसा झाल्या तेव्हा तिनं सगळ्या रस्त्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"दाब."

राजरत्नला तेवढंच ऐकायचं होतं. त्यानं दाबली.

पुढं उतार होता. तळ्यात उतार नव्हता. गाडीनं उताराला अंग दिलं, पुढची चाकं थरथरली, मग नाचायला लागली. उताराच्या पायथ्याशी रोजगार हमीचं काम चालू होतं. रस्ता रुंद करायला पन्नासेक बायामाणसं मुरूम ओढत होती, खडी फोडत होती. राजरत्ननं ब्रेक दाबला. दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळाला नाही. ड्रमांतलं पाणी सगळं एकदम डावीकडं आलं आणि गाडी त्याच्या मागोमाग गेली. डोक्यावर मुरमाची पाटी घेतलेला एक माणूस मध्ये होता. तो बाजूला व्हायला वळला, पण पाटी सांभाळत वळला. गाडीच्या नाकानं त्याला कमरेत उचललं, खडीच्या ढिगावर फेकलं, आणि त्याच ढिगाला टेकून गाडी कुशीवर झोपली.

क्षणभर कुठंच आवाज नव्हता. मग पाण्याचा आला.

ड्रमांची झाकणं उडाली होती आणि पाणी फुटक्या दारातून रस्त्यावर चाललं होतं. कोंडाबाई काचेच्या खिडकीतून वर निघाली तेव्हा तिला दोन गर्द्या दिसल्या. एक तिच्या पोराला ओढून काढत होती. दुसरी घमेली, पाट्या, पदर घेऊन पाण्यावर पडली होती. एक म्हातारी ओल्या डांबरावर फडकं टाकून ते तांब्यात पिळत होती. पाणी कुणाच्या ड्रममधलं, कोणत्या वस्तीचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पोराला त्यांनी केसांना धरून ओढला. पहिल्यांदा बुक्क्या, मग लाथा, मग फावड्याचे दांडे. "दारू पिऊन आलाय," कुणीतरी म्हणालं. तो कसली दारू पितोय, त्यानं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. एक दांडा बरगडीवर बसला तेव्हा ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. त्या गर्दीतून एक बाई पुढं आली. तिच्या हातात खडी फोडायची हातोडी होती. तिनं हातोडी उलटी धरली, नशीब उलटी धरली, आणि दांडा पोराच्या तोंडावर हाणला. दोन दात त्याच्याच शर्टावर पडले. ती सरजाबाई. ढिगावर पडलेला ग्यानोबा तिचा नवरा.

कोंडाबाई पोराच्या अंगावर पडली. पाठीत दोन दांडे बसले, एक मानेवर. तिनं अंग हलवलं नाही.

"मी हाकत व्हते," ती मातीत तोंड घालून म्हणाली. "पोरगं न्हाई. गाडी मी हाकत व्हते."

मारता मारता एकजण हसला. कासोट्याचं लुगडं, कपाळभर गोंदण, आणि म्हणे गाडी हाकते. त्या हसण्यानं हात थोडे सैल पडले. सरजाबाई मात्र हसली नाही. तिनं कोंडाबाईचा खांदा धरून तिला उताणी केलं. दोघींच्या अंगावर आपापल्या नवऱ्याचं रक्त होतं.

"हाकत व्हतीस तर एवढं पळवायला काय झालतं गं तुला?"

"दगड आला न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

"कंचा दगड?"

"किलोमीटरचा. गाडीला काटा न्हाई बाई, मी दगडावर मोजते. मागचा आला. फुडचा आलाच न्हाई. मला वाटलं आमीच हळू हाव. मीच म्हणलं, दाब."

दांडे हळूहळू खाली आले. कोंडाबाईला वाटलं, आपलं येडगाळ बोलणं यांना कळलंच नाही. मग ती सगळी जिकडं बघत होती तिकडं तिनं पाहिलं.

लिंबाच्या सावलीत, फोडलेल्या खडीच्या शेजारी, हिरव्या माथ्याचा दगड आडवा पडला होता. लातूर, चौतीस. त्याच्यावर पोत्याची घडी घातलेली होती. सकाळी मुकादमानं सांगितलं होतं की रस्त्याच्या नव्या कडेत दगड येतोय, उपटा. ग्यानोबानं पहारीनं उपटला होता. सरजाबाईची कंबर धरते म्हणून तो दोन माणसांच्या मदतीनं तिच्या बसायच्या जागी आणून टाकला होता. सकाळपासून ती त्याच दगडावर बसून खडी फोडत होती. दगड उपटल्यानं कुणाचं काही अडेल, असं कुणाच्या मनात येण्यासारखंही नव्हतं. रस्त्यानं जाणारी एखादी बाई मनात जातं फिरवत त्याची वाट बघत असेल, हे कुणाला कसं ठाऊक असणार?

मुकादम तेवढ्यात पलीकडच्या शेतात दिसेनासा झाला.

ग्यानोबा जिवंत होता. कमरेखाली हलत नव्हता, पण डोळे उघडे होते आणि पाटी कुठं गेली म्हणून विचारत होता. एसटी दुपारनंतर येणार होती. दुसरं वाहन त्या रस्त्यावर दिसत नव्हतं. ज्या पंधरा माणसांनी पोराला मारलं होतं, त्याच पंधरांनी खांदे लावून गाडी उभी केली. समोरची काच गेली होती, एक दार लोंबत होतं, पण म्हातारी चालू झाली. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पन्नास माणसांत गाडी हाकणारा एकच होता, आणि तो रस्त्याच्या कडेला बसून रक्त थुंकत होता.

त्याला उचलून आणावा लागला. ज्याच्या दांड्यानं बरगडी मोडली होती, त्यानंच त्याला काखेत हात घालून सीटवर बसवलं, आणि वर त्याच्या शर्टाची बटणं लावली. का लावली, त्याचं त्यालाच ठाऊक.

आता मागं दोन माणसं आडवी होती. निवृत्ती आणि ग्यानोबा, मध्ये रिकामे ड्रम काढून टाकल्यानं झालेली जागा. सरजाबाई ग्यानोबाच्या उशाशी बसली. कोंडाबाईनं निवृत्तीचं डोकं हलू नये म्हणून पोत्याच्या दोन घड्यांत बसवलं.

राजरत्ननं गाडी काढली, पण ती जाईना. म्हणजे चालत होती, पण बैलगाडीसारखी. पुढचा दगड आला तेव्हा कोंडाबाईच्या दहा विसा झाल्या होत्या. पोराचा एक डोळा मिटला होता, दुसऱ्यातून पाणी वाहत होतं, आणि पाय खाली जात नव्हता. ती म्हणाली, वाढव. पाय आणखी वर आला. ती पुन्हा म्हणाली. त्यानं मान हलवली. मायच्या तोंडून तो शब्द त्यानं एकदा ऐकला होता, आता पुन्हा ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"माणूस हाय मागं माझा," सरजाबाई म्हणाली. "मरायला घातलाय व्हय त्याला?"

कोंडाबाई पुढं सरकली. सीटवरच्या काचा हातानं लोटून पोराच्या शेजारी बसली आणि तिनं आपला हात त्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. हळूच खाली रेटला. गुडघा खाली गेला. वारा तोंडावर आला. जास्त झालं तेव्हा तिनं हात उचलला, कमी झालं तेव्हा टेकवला. दगड येत गेले. पाच विसा, मग चार आणि पंधरा, मग चार विसा आन् धा. लातूरपर्यंत ती अशी पोराच्या पायानं गाडी हाकत गेली. खोटं बोलून झालं होतं, आता ते खरं होत होतं.

मागून ग्यानोबा मधून मधून बोलत होता. पाटीचं, मुकादमाचं, एका शेळीचं. सरजाबाई हुं हुं करत होती. लातूर सहा किलोमीटर राहिलं तेव्हा सरजाबाईचं हुं थांबलं. कोंडाबाईनं मागं वळून बघितलं नाही. हात गुडघ्यावर तसाच ठेवला. जास्त रेटला नाही, उचललाही नाही.

दवाखान्यात निवृत्तीला आत नेलं. कवटीला तडा होता, अकरा टाके पडले. एक कान गेला, पण माणूस राहिला. ग्यानोबाला दुसऱ्या दारानं नेलं.

व्हरांड्यात टेबल टाकून एक हवालदार बसला होता. त्यानं आधी निवृत्तीचं विचारलं. कोंडाबाईनं दिगांबरचं नाव सांगितलं, टॉमीचं सांगितलं. पोराला कुणी मारलं, असं त्यानं विचारलं तेव्हा, तिथंच विहिरीवर, असं ती म्हणाली. सरजाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. मग हवालदारानं पान उलटलं आणि ग्यानोबाचं काय झालं, कोणती गाडी, कोण चालवत होतं, असं विचारलं. राजरत्नचं सुजलेलं तोंड उघडायला लागलं. त्याच्या आधी कोंडाबाई उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "मी हाक..."

"ट्रक व्हता," सरजाबाई म्हणाली. भिंतीवरून पाठ न काढता म्हणाली. "खडीचा. लाल. उडवून गेला. ह्यांनी आमाला उचलून आणलं."

नंबर काय, असं हवालदारानं विचारलं. मला वाचता येत असतं तर मी खडी फोडली असती का, असं सरजाबाईनं विचारलं. हवालदारानं लिहून घेतलं.

कोंडाबाईनं नंतर तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. पाणी दिलं, ते तिनं घेतलं. भाकरी दिली, ती घेतली नाही. माफ कर म्हणायला कोंडाबाईचं तोंड उघडलं, तर सरजाबाईनं हात वर केला, माशी वारावी तसा. तिनं माफ केलं नव्हतं. दगड तिच्या माणसानं उपटला होता, ती त्याच्यावर बसली होती, आणि हे कुठल्या कागदावर यावं असं तिला वाटत नव्हतं. शिवाय सतरा वर्षांचे दोन तिच्याही घरी होते, जुळे, आणि त्यांच्या तोंडावर कुणी दांडा हाणला तर काय होतं ते तिनं आता दुसऱ्या बाजूनं पाहिलं होतं. यातलं नेमकं काय खरं, ते तिनं सांगितलं नाही, आणि कोंडाबाईनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मढं ताब्यात मिळालं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, वर चिठ्ठी. सरजाबाईनं स्टँडजवळच्या दोघा-तिघा जीपवाल्यांना विचारून बघितलं. मढं म्हटल्यावर कुणाला टायर पंक्चर होता, कुणाला लग्नाची वर्दी होती. ती परत आली आणि लोंबत्या दाराच्या मॅटॅडोरपाशी उभी राहिली. राजरत्न गाडीच्या पलीकडं उकिडवा बसला होता. त्याला तिच्याकडं बघवेना.

तीही त्याच्याशी बोलली नाही. कोंडाबाईकडं बघून म्हणाली, "तुझ्या पोराला म्हणावं, हळू न्ये. आता कशाची घाई हाय."

राजरत्न उठला. बरगडी धरून आत चढला. सरजाबाई पुढं बसली, खिडकीशी, आणि कोंडाबाई मागं, परक्या बाईच्या नवऱ्याचे पाय हलू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून.